परड्यातला मातीचा ढीग कुणाचा?

मृगाचा पाऊस एकदा पडून गेला, की आमच्या बेळगावच्या घराच्या परड्यात एक गोष्ट हमखास दिसते. हळदीच्या वाफ्याकडेला, नारळाच्या आळ्याजवळ आणि मोरीच्या मागं सकाळी बघावं तर मातीचे ओले, भुसभुशीत ढीग! रात्री कुणीतरी फावडं घेऊन येऊन गेलंय असं वाटावं.

गेल्या वर्षी असाच ढीग दिसला तेव्हा आमच्या घरातला तिसरीतला मुलगा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा लेक, आनंदानं उड्या मारत आत आला. इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकात त्यानं मातीच्या ढिगातून डोकं वर काढणारा, मखमली अंगाचा एक काळा प्राणी पाहिला होता. "काकू, आपल्या परड्यात मोल आलाय!"

सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोल नाही नि बिल नाही. घूस ती." माझी जाऊ धारवाडची. तिनं स्वयंपाकघरातूनच दुजोरा दिला, "हेग्गण री अत्ती, हेग्गणा!" आणि मी शहाणपणा करायला म्हणून घरातला जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला, तर त्यात 'मोल'समोर अर्थ दिलेला, चिचुंद्री.

ढीग एक आणि मालक तीन! पोरानं विचारलं, "मग खरं कोण?" त्या प्रश्नाचं उत्तर देता देता मला बरंच वाचावं लागलं. आणि उत्तर कळेपर्यंत आमच्या हातून एक चूकही घडून गेली. ती पुढं सांगतेच. आधी या तिघांची ओळख करून घेऊ.

मराठीत नाव नसलेला पाहुणा

पुस्तकातला मोल हा युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियाच्या थंड भागातला प्राणी. त्याच्या कुळात चाळीसहून जास्त जाती आहेत. युरोपातला मोल जेमतेम वीतभर लांब असतो आणि त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. पण या एवढ्याशा जिवाची घडण बघितली तर थक्क व्हायला होतं. पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद आणि तळवे बाहेरच्या बाजूला वळलेले. अंगठ्याच्या बाजूला आणखी एक अंगठ्यासारखं हाड, त्यामुळं फावडं जास्तच रुंद होतं. बाहेर दिसणारे कान नाहीत, डोळे मोहरीएवढे. अंगावरचे केस मखमलीसारखे सरळ उभे, त्यामुळं अरुंद बोगद्यात पुढं जा की मागं या, केस उलटे होऊन अडत नाहीत.

हा प्राणी जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखाली काढतो. त्याचं मुख्य अन्न गांडुळं आणि जमिनीतल्या किड्यांच्या अळ्या. त्याचे बोगदे म्हणजे एक प्रकारचे सापळेच असतात. गांडूळ सरकत सरकत बोगद्यात पडतं आणि मोल फेरी मारत येऊन ते उचलतो. जास्त मिळाली तर गांडुळाच्या डोक्याकडच्या भागाला चावा घेऊन त्याला हलता येणार नाही असं करतो आणि जिवंतच साठवून ठेवतो. अशा कोठारात शेकड्यांनी गांडुळं सापडलेली आहेत. नवा बोगदा खणताना निघालेली माती वर ढकलावी लागते, तोच हिरवळीवरचा ढीग.

मोल एकलकोंडा. वसंत ऋतूत नर-मादी एकत्र येतात तेवढेच. साधारण चार आठवड्यांनी तीन-चार पिल्लं होतात. जन्मतः ती आंधळी आणि केसांशिवाय असतात. पाच-सहा आठवड्यांत आई त्यांना घराबाहेर काढते. आपापला बोगदा शोधायला निघालेली ही पिल्लं जमिनीवरून चालतात आणि तेव्हाच ती घुबडांना सापडतात. त्यातून वाचलेला मोल तीनेक वर्षं जगतो.

या प्राण्यानं एका राजाचाही जीव घेतलाय. १७०२ साली इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम घोड्यावरून चालला असताना घोडा मोलच्या ढिगाला अडखळला. राजा पडला, गळपट्टीचं हाड मोडलं आणि त्यातूनच पुढं दुखणं वाढून तो वारला. त्याचे विरोधक पुढं कित्येक वर्षं 'काळ्या मखमली कोटातल्या छोट्या सद्गृहस्थाच्या' नावानं पेला उंचावत असत.

आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं आता अमेरिकेत आहेत. तिथं पूर्वेकडच्या राज्यांत घरापुढच्या हिरवळीवर मोलचा उपद्रव नेहमीचाच. माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत असते. फोनवर ती आपल्या हिरवळीवरचे उंचवटे दाखवत होती. तिचा समज असा, की तो गवताची मुळं खातो. खरं तर तो मुळं खात नाही, मुळांजवळच्या अळ्या खातो. बोगद्यामुळं मुळं उघडी पडून गवत सुकतं एवढंच.

भारतात मोल आहे का? आहे, पण इथून फार लांब. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग या हिमालयाच्या पट्ट्यात त्याची एक जात राहते. काठमांडूत ब्रिटिशांचे रेसिडेंट असलेल्या ब्रायन हॉजसन यांनी १८४१ साली तिची शास्त्रीय नोंद केली. दक्षिण भारतात मात्र खरा मोल कुठंच नाही. म्हणून त्याला ना मराठीत घरगुती नाव, ना कन्नडमध्ये. शब्दकोश करणाऱ्यांनी मग जवळचं काहीतरी शोधून चिचुंद्रीला त्या जागी बसवलं. गंमत म्हणजे त्यात थोडं तथ्यही आहे. ते पुढं बघू.

खरा खणणारा: घूस

आता आपल्या परड्याकडं वळू. ढिगाचा मालक कोण, याबाबत सासूबाई आणि जाऊबाई दोघींचंही बरोबर होतं. घूस आणि हेग्गण एकच.

इंग्रजीत घुशीला 'बँडिकूट' म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी तेलुगूतून उचलला. 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर. आपल्या घरांतल्या कन्नड बोलणाऱ्यांना यात एक ओळखीची खूण दिसेल. तेलुगूतला 'पंदि' तोच कन्नडमधला 'हंदि', म्हणजे डुक्कर. जुन्या कन्नडमधला 'प' पुढं 'ह' झाला, तसं 'पाल'चं 'हाल' झालं, म्हणजे दूध. घुशीला डुक्कर म्हणायचं कारणही सरळ आहे. तिला कोंडीत पकडलं, की ती पाठीवरचे राठ केस उभे करते आणि डुकरासारखी गुरगुरते. ज्यानं ऐकलंय त्याला हे नाव पटेल.

आपल्याकडं घुशीच्या दोन जाती आहेत. मोठी घूस मांजराच्या पिल्लाहूनही थोराड, कधी कधी किलोभर वजनाची. ती वस्तीला धरून असते. गटारी, कुंपणाच्या भिंती, जुन्या घरांचे पाये ही तिची जागा. दुसरी लहान घूस, वजन साधारण दोनशे ते चारशे ग्रॅम. ती भाताच्या आणि उसाच्या शेतात जास्त, पण गोदामांत आणि परड्यांतही घुसते. या लहान घुशीला इंग्रजी पुस्तकांत काय नाव आहे माहीत आहे? 'मोल रॅट'! इंग्रजांनी तिचे मातीचे ढीग बघितले, त्यांना आपल्या गावाकडचा मोल आठवला आणि त्यांनी तेच नाव देऊन टाकलं. म्हणजे आमच्या तिसरीतल्या पोरानं जी चूक केली, तीच त्यांच्याही मनात आली होती.

घुशीचं बीळ म्हणजे एखाद्या जुन्या वाड्यासारखं असतं. झोपायची खोली वेगळी, धान्याचं कोठार वेगळं, आणि संकट आलं तर पळायला चोरदरवाजे. हे चोरदरवाजे बाहेरून मातीच्या पातळ थरानं झाकलेले असतात, त्यामुळं आपल्याला दिसतच नाहीत. मुख्य तोंडही ती आतून भुसभुशीत मातीनं लिंपून घेते. शेतातल्या बिळांच्या कोठारात काही किलो धान्य सापडतं. सुगीनंतर ही बिळं खणून धान्य गोळा करणारी गरीब माणसं भारतात अनेक ठिकाणी आहेत. आपल्याला ती घुशीची लूट वाटते. त्यांना त्यातूनच चार दिवसांची भाकरी मिळते.

तिचं आयुष्य छोटं, पण पैदास मोठी. लहान घुशीची गर्भावस्था तीन आठवड्यांच्या थोडी वर. एका वेळी सरासरी सहा-सात पिल्लं. डोळे उघडायला दोन आठवडे, आईचं दूध सुटायला महिनाभर, आणि तीन महिन्यांत ती पिल्लं स्वतः आई-बाप व्हायला तयार. खायला भरपूर असेल तर वर्षभर हे चक्र थांबत नाही. एका घुशीवरून सुरू झालेला हिशोब बोटांवर मावत नाही तो यामुळंच. उलट, खायला नसेल तर हेच चक्र मंदावतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या उपायांचं मूळ इथं आहे.

आणि 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हणही नुसती म्हण नाही. नाग स्वतः बीळ खणत नाही. त्याला तयार घर लागतं आणि तिथंच जेवणही. कन्नडमध्येही वाळवीनं बांधलेल्या हुत्तात, म्हणजे वारुळात, साप शिरला अशा अर्थाची म्हण आहे. घूस वाढली की तिच्यामागून साप येतो. परड्यात साप निघाला म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी घुशीला कोण पोसतंय ते बघावं.

उंदीर नसलेली चिचुंद्री

आता तिसरा दावेदार. संध्याकाळी दिवेलागणीला भिंतीच्या कडेनं चिक्-चिक् करत पळणारी, करड्या रंगाची, लांब नाकाची चिचुंद्री. कन्नडमध्ये तिला कुठं 'मूगिली' म्हणतात, कुठं 'सुंडिली'. 'मूगु' म्हणजे नाक आणि 'इली' म्हणजे उंदीर. नाकवाला उंदीर! अठराव्या शतकातल्या लिनिअसनंही १७६६ साली तिला शास्त्रीय नाव देताना 'उंदरासारखी' असाच शब्द वापरला.

पण चिचुंद्री उंदीर नाहीच. उंदीर, घूस, खार हे कुरतडणारे प्राणी. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावं लागतं. चिचुंद्रीचे दात बारीक आणि टोकदार, किडे पकडायला आणि त्यांचं टणक कवच फोडायला केलेले. तिचं कुळ वेगळं, आणि त्या कुळातले तिचे जवळचे भाऊबंद म्हणजे काटेरी साळूसारखा दिसणारा छोटा जाहक आणि, हो, तोच तो मोल! शब्दकोशवाल्यांचा अर्थ चुकीचा होता, पण नातं बरोबर निघालं. मोल आपल्याकडं आला नाही, त्याची चुलतबहीण मात्र आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या राहतेय.

तिला घरात काय मिळतं? झुरळं, रातकिडे, कोळी, गांडुळं, अळ्या. सांडलेलं अन्नही ती खाते, पण धान्याच्या पोत्याला भोक पाडत नाही, कपडे कुरतडत नाही, भिंतीखाली बोगदे खणत नाही. दुसऱ्यानं केलेल्या भोकात किंवा अडगळीत ती राहते. अंग लहान आणि भूक मोठी, त्यामुळं रात्रभर तिची धावपळ चालूच. तिचे डोळे अधू. ती भिंतीला धरून चालते ती वास, स्पर्श आणि आवाज यांच्या भरवशावर. चीनमध्ये तिचा आवाज नाण्यांच्या खुळखुळण्यासारखा वाटतो म्हणून तिला पैशाशी जोडलं गेलंय. आपण मात्र तो आवाज ऐकला की केरसुणी शोधतो!

तिचा वास मात्र खरा. तिच्या कुशीत दोन ग्रंथी असतात. त्यातून उग्र कस्तुरीसारखा वास येतो. तो तिचा बचाव. बहुतेक मांजरं तिला मारतात, पण खात नाहीत, हे अनेकांनी पाहिलं असेल.

चिचुंद्रीची गर्भावस्था महिनाभराची आणि पिल्लं एका वेळी दोन-तीनच. घुशीच्या मानानं फारच कमी. पिल्लं हिंडण्याजोगी झाली की आई त्यांना बाहेर काढते, आणि तेव्हाचं दृश्य बघण्यासारखं असतं. पहिलं पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडानं धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला. अशी आगगाडी भिंतीकडेनं निघते. पकड इतकी घट्ट, की आईला उचललं तर सगळी माळ वर येते.

आणखी एक गोष्ट. उंदराला उलटी होऊ शकत नाही, त्याच्या शरीराची ठेवणच तशी. चिचुंद्रीला होते. म्हणून जपानमधल्या संशोधकांनी मळमळ आणि उलटी यांचा अभ्यास करायला तिला प्रयोगशाळेत नेलं. बोटीच्या प्रवासात आपल्याला का मळमळतं किंवा कर्करोगाच्या औषधांनी उलट्या का होतात, या अभ्यासात चिचुंद्रीचा वाटा आहे. कन्नडमध्ये म्हणतात, 'हित्तल गिड मद्दल्ल', म्हणजे परड्यातल्या झाडाचं औषध मानवत नाही, त्याला किंमत नसते. चिचुंद्रीचंही तसंच झालंय.

आमची चूक

हे सगळं मी वाचलं ते नंतर. आधी जे झालं ते सांगते.

ढीग वाढत चालले तसे आम्ही दुकानातून चिकट पाट आणले. पुठ्ठ्यावर घट्ट डिंकासारखा थर असलेले. मोरीच्या मागं दोन आणि धान्याच्या पिंपाशेजारी एक ठेवला. "घूस सापडेल, मग बघू," असं आमचं ठरलं.

सकाळी पिंपाशेजारच्या पाटावर चिचुंद्री होती. मेलेली. तिच्या मागं तीन पिल्लं, एकमेकांना धरलेली, त्याच ओळीत चिकटलेली. दोन जिवंत होती. सगळ्यात आधी तिथं पोचला तो पोरगा. तो रडला नाही. नुसतं विचारलं, "ही घूस आहे?"

जाऊबाईंनी खोबरेल तेल आणलं. तेलानं तो डिंक सुटतो. पिल्लं सुटली, पण आईशिवाय ती काय जगणार! संध्याकाळपर्यंत तीही गेली. मोरीच्या मागच्या पाटांना घुशीनं तोंडही लावलं नव्हतं. उलट त्यातला एक पाट तिनं मातीखाली गाडून टाकला होता.

त्या दिवशी सासूबाई जेवताना एवढंच म्हणाल्या, "खणणारी राहिली बाजूला, आणि घरातली झुरळं खाणारी गेली." कन्नडमध्ये एक म्हण आहे. आपल्या पानात हेग्गण मरून पडलाय आणि हा दुसऱ्याच्या पानातली माशी दाखवतोय, अशा अर्थाची. जाऊबाईंनी ती म्हटली आणि मोरीकडं बोट केलं. खरकटं तिथंच पडलेलं होतं.

विषाचा रस्ता सोपा नाही

पाट गेले म्हणून विष आणावं, असा विचार आमच्याही डोक्यात आला होता. बऱ्याच घरांत तोच पहिला उपाय असतो. म्हणून चार शब्द सांगायलाच हवेत.

बाजारात मिळणारी काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो, आणि त्यावर उतारा नाही. शिवाय घूस हुशार. थोडं खाऊन त्रास झाला आणि ती वाचली, तर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. ब्रोमाडायलोनच्या वड्या वेगळ्या. त्या रक्त गोठू देत नाहीत आणि जनावर काही दिवसांनी मरतं. तेवढ्या दिवसांत सुस्तावलेली घूस मांजराला, घुबडाला सापडते आणि विष त्यांच्याही पोटात जातं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर यकृत निकामी करते. माणसं त्यानं दगावली आहेत. आणि बिळात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूच नयेत. ओलावा लागला की त्यातून तोच फॉस्फीन वायू सुटतो. घुशीचे बोगदे कुठल्या खोलीच्या फरशीखाली गेलेत हे आपल्याला माहीत नसतं. तो वायू झोपायच्या खोलीत निघू शकतो.

घुबडाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. मराठीत त्याला गव्हाणी घुबड म्हणतात आणि कन्नडमध्ये कणज गूबे. एका नावात गोठ्यातली गव्हाण, दुसऱ्यात धान्याची कणज. दोन्ही भाषांतल्या जुन्या माणसांनी त्याला धान्य आणि गुरं जिथं असतात तिथंच पाहिलं, कारण उंदीर तिथंच येतात. धामण, जिला जाऊबाई 'केरे हावु' म्हणतात, तीही बिनविषारी आणि उंदीर खाणारी. यांना मारून घुशीला कंटाळणं म्हणजे पहारेकऱ्याला हाकलून चोराच्या नावानं ओरडणं.

तापाचा धोका

घुशीकडं दुर्लक्ष करा, असं मात्र मी म्हणत नाही. तिचा खरा धोका भिंतीपेक्षा आपल्या अंगाला आहे. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून किंवा भेगेतून शरीरात शिरतात. कन्नडमध्ये त्याला 'इली ज्वर' म्हणतात, उंदराचा ताप. कोकण, गोवा आणि कर्नाटकाची किनारपट्टी इथं पावसाळ्यात तो नेहमीचा. एकदम ताप, पोटऱ्या आणि पाठ खूप दुखणं, डोळे लाल होणं, पुढं कावीळ, अशी त्याची लक्षणं. पावसाळ्यात परड्यात काम केल्यावर असा ताप आला तर अंगावर काढू नका आणि 'चिखलात काम केलं होतं' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेवर औषध मिळालं तर तो बरा होतो.

आणि आपल्या भागाच्या आठवणीत आणखी एक आजार आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढं बेळगाव-धारवाडपर्यंत पोचला. घरात उंदीर पटापट मरायला लागले की माणसं गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायची. सासूबाईंच्या आज्जीनं त्या झोपड्यांच्या गोष्टी सांगितलेल्या. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून दिलं, की उंदरावरच्या पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात. चिचुंद्रीच्या अंगावरही पिसवा असतात. म्हणून ती मैत्रीण असली तरी तिला हातात घ्यायचं नाही, मेलेली असेल तरी नाही.

मग करायचं काय?

आम्ही गेलं वर्षभर जे केलं ते साधंच आहे, आणि त्याचा गुण आलाय.

पहिलं म्हणजे मालक ओळखा. संध्याकाळी सगळे ढीग सपाट करा आणि दिसतील ती भोकं मातीनं बंद करा. सकाळी जिथं ताजी माती वर आलेली असेल, तेच चालू बीळ. बाकीची ओस पडलेली. आमच्या परड्यात सात भोकं होती आणि चालू निघाली दोनच. आम्ही उगीच फौज आहे असं समजत होतो.

दुसरं, जेवण बंद करा. रात्री मोरीत खरकटं ठेवायचं नाही. कोंबड्यांचं, कुत्र्याचं उरलेलं ताट रात्री आत घ्यायचं. पडलेले नारळ, रामफळं, चिक्कू रोज उचलायचे. शेंगा आणि धान्य पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात. हा उपाय फुकटचा आहे, आणि घुशीची पैदास त्यावरच अवलंबून असल्यानं सगळ्यात परिणामकारकही.

तिसरं, वाट बंद करा. मोरीच्या तोंडाला पाव इंची जाळी, मागच्या दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी. भिंतीलगतची लाकडं, कौलं, विटांचा ढीग हलवून हातभर जागा मोकळी. चालू बिळाचं तोंड काँक्रीट आणि दगडांचे तुकडे भरून बुजवा, पण आधी त्यात कुणी नाही याची खात्री करा.

चौथं, पकडायचंच असेल तर पिंजरा. खोबऱ्याचा तुकडा किंवा भजी त्यात लावा. चुकून चिचुंद्री सापडली तर तिला सोडता येतं, हा पिंजऱ्याचा मोठा फायदा. घूस सापडली तर मात्र ती शेजाऱ्याच्या परड्यात सोडून येऊ नका. आपल्या पानातली घूस त्याच्या पानात टाकायची, हा उपाय नव्हे. पाया पोखरला गेला असेल किंवा घुशी फार झाल्या असतील तर प्रशिक्षित माणसांकडूनच काम करून घ्या. आणि चिकट पाट आणू नका. त्यावर कोण चालेल हे आपल्या हातात नसतं.

पाचवं, परड्यात काम करताना पायात गमबूट. आल्यावर साबणानं हातपाय धुवायचे. पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरायचंच नाही.

यंदाच्या पावसात आमच्या परड्यात एकच ढीग निघाला, तोही कुंपणापलीकडं. पोरगा आता चौथीत गेलाय. त्यानं वहीत तीन रकाने करून नावं लिहिलीत, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. मोलसमोरचे मराठी आणि कन्नड रकाने त्यानं मोकळे ठेवलेत. "इथं नाहीच तो, तर नाव कुठलं घालू?" म्हणाला.

परवा दिवेलागणीला पिंपामागून चिक्-चिक् आवाज आला. भिंतीच्या कडेनं आगगाडी निघाली होती. आई आणि मागं दोन डबे. सासूबाईंचा हात सवयीनं केरसुणीकडं गेला आणि तिथंच थांबला. गाडी मोरीपर्यंत गेली आणि अंधारात शिरली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "तिला रात्रभर काम आहे."